बारा सेंटिमीटरची बाराशे वर्षे : चुनखडकातील भूरूपे शिकवताना



दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा भरली की पहिले दोन दिवस मुलं फक्त गावाला कुठे गेलो तेच सांगत असतात. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. आमच्याकडची बरीच कुटुंबं सुट्टीत तिरुपतीला जातात. मागच्या वर्षी सातवीतला एक मुलगा असाच जाऊन आला होता. वाटेत आंध्रातली एक गुहाही त्यांनी पाहिली होती. त्याने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. गाजरासारखा निमुळता, पिवळसर पांढरा, एका बाजूने मोडलेला. "बाई, हा गुहेतला लवणस्तंभ आहे. बाहेर एक जण विकत होता. पप्पांनी शंभर रुपयांना घेतला. आपल्या विज्ञान कोपऱ्यात ठेवू या?"

मला खरंच आनंद झाला. आमच्याकडे सगळा काळा पाषाण. लवणस्तंभ मी स्वतःसुद्धा पुस्तकातच पाहिलेला. मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि तो दगड खिडकीतल्या फळीवर ठेवला. माझं काय चुकलं ते मला तीन दिवसांनी, हाच पाठ शिकवताना कळलं. ते शेवटी सांगते. आधी पाठ.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा

हा घटक आपण बहुतेक वेळा व्याख्येपासून सुरू करतो. "चुनखडकाच्या प्रदेशात भूजलाच्या कार्यामुळे तयार होणाऱ्या भूरूपांना कार्स्ट भूरूपे म्हणतात." मुलं लिहून घेतात, पाठ करतात आणि विसरतात. कारण चुनखडक त्यांनी पाहिलाय हेच त्यांना माहीत नसतं.

मी मुलांना विचारलं, "घरी कडप्प्याचा ओटा कुणाकुणाचा आहे?" निम्म्याहून जास्त हात वर. "त्यावर लिंबू सांडलं तर आई का ओरडते?" एक मुलगी म्हणाली, "पांढरा डाग पडतो बाई, पुसून जात नाही." झालं, पाठ सुरू झाला! कडप्पा हा काळा चुनखडकच. आंध्रातल्या कडप्पा भागावरून त्याला ते नाव पडलं. अंगणातली शहाबादी फरशी हाही चुनखडक, तो कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातून येतो. लिंबातलं आम्ल या दगडाला खातं, म्हणून चकाकी जाऊन डाग उरतो.

आता पुढचा प्रश्न, डोंगरावर लिंबू कोण पिळतं? उत्तर आहे पाऊस. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं. मातीतून झिरपताना झाडांची मुळं आणि कुजणारा पालापाचोळा यांच्यामुळे त्यात आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळतो. त्याचं अगदी सौम्य असं कार्बनिक आम्ल बनतं. सोडावॉटरमध्ये असतं तेच, पण फारच पातळ. हे पाणी चुनखडकाच्या भेगांत शिरतं आणि कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळवतं. विरघळलेला चुना कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात पाण्याबरोबर निघून जातो. एका पावसाळ्यात काही दिसत नाही. हजारो, लाखो वर्षं हेच चाललं की भेगेची फट होते, फटीचा बोगदा होतो आणि बोगद्याची गुहा.

एका पेल्यात सगळा पाठ

हा प्रयोग मी दरवर्षी करते. खर्च पाच रुपये. पानाच्या टपरीवरचा खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. सकाळी वरची नितळ निवळी अलगद ओतून घ्या आणि तिच्यात तेवढंच साधं पाणी मिसळा. मग स्ट्रॉने त्यात फुंकर मारा.

१. थोड्याच वेळात पाणी दुधाळ होतं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळीतल्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं. म्हणजे पेल्यात चुनखडीच तयार झाली!

२. फुंकणं थांबवू नका. बरीच मिनिटं फुंकावं लागतं, मुलं दमतात, आळीपाळीने करू द्या. हळूहळू दुधाळपणा कमी होऊन पाणी पुन्हा नितळ व्हायला लागतं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडी विरघळली. गुहा अशीच कोरली जाते.

३. आता हे नितळ पाणी उकळा. ते परत गढूळ होतं. वायू निघून गेला आणि चुनखडी पुन्हा बाहेर पडली. लवणस्तंभ बनतो तो याच क्रियेने. गुहेत कुणी पाणी उकळत नाही, पण वायू निघून जाणं तेच.

काळजी एवढीच घ्यायची, की स्ट्रॉने फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. चुन्याचं पाणी डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. निवळी शिक्षकांनी स्वतः करावी.

आणखी एक गंमत. खडूवर लिंबू पिळून फेस दाखवायला गेलात तर फजिती होऊ शकते. आपले साधे पांढरे खडू बरेचदा जिप्समचे असतात, त्यांना फेस येत नाही. त्याऐवजी अंड्याचं टरफल किंवा शहाबादी फरशीची कपची घ्या. माझी पहिल्या वर्षी भर वर्गात फजिती झाली आहे, म्हणून सांगते.

कार्स्ट हे नाव कुठून आलं?

स्लोव्हेनिया आणि इटली यांच्या सीमेवर, त्रिएस्ते शहराच्या मागे चुनखडकाचं एक पठार आहे. स्थानिक लोक त्याला क्रास म्हणतात, जर्मन भाषेत त्याचं कार्स्ट झालं. सर्बियन भूगोलतज्ज्ञ योव्हान स्वियिच यांनी १८९३ मध्ये या भूरूपांवर ग्रंथ लिहिला आणि एका पठाराचं नाव जगभरच्या अशा प्रदेशांना मिळालं. म्हणून या विषयातले डोलाइन, उवाला, पोल्ये हे शब्द त्या भागातल्या भाषांतून आले आहेत. मुलांना हे सांगितलं की शब्द परके वाटत नाहीत. आपल्याकडे शेतकरी जसे माळ, वहाळ, डोह, खळगा म्हणतात, तसेच ते तिथल्या शेतकऱ्यांचे शब्द आहेत.

याच भागात रेका नावाची नदी आहे. तिथल्या भाषेत रेका म्हणजेच नदी. ही नदी श्कोत्सियानच्या गुहांपाशी जमिनीत शिरते आणि तीसहून अधिक किलोमीटरवर, इटलीत समुद्राजवळ, तिमावो नावाने झऱ्यांतून बाहेर येते. श्कोत्सियानच्या गुहा १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

भूरूपे : जमिनीवरून खाली उतरत जाऊ

फळ्यावर एक मोठा उभा छेद काढा आणि वरून खाली या क्रमाने शिकवा. क्रम लक्षात राहिला की पाठांतर लागत नाही.

*उघड्या खडकावरच्या चऱ्या* – माती नसलेल्या चुनखडकावर पाणी वाहून बोटभर ते हातभर खोल चऱ्या पडतात. मधले उंचवटे धारदार राहतात. अशा जमिनीवर अनवाणी चालणं अवघड.

*विलयछिद्र* – दोन भेगा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडक जास्त विरघळतो आणि नरसाळ्यासारखा खड्डा होतो. कधी खालच्या गुहेचं छतच कोसळतं आणि एकदम विवर पडतं.

*डोलाइन, उवाला, पोल्ये* – विलयछिद्र रुंदावलं की डोलाइन. अनेक डोलाइन एकमेकांना मिळाले की उवाला. पोल्ये म्हणजे डोंगरांनी वेढलेलं, सपाट तळाचं, कित्येक किलोमीटर पसरलेलं मैदान. स्लोव्हेनियातल्या त्सेर्क्नित्सा इथलं पोल्ये मुलांना फार आवडतं. भरपूर पाऊस झाला किंवा बर्फ वितळलं की तिथे मोठा तलाव होतो, लोक मासे धरतात. कोरड्या दिवसांत पाणी तळातल्या छिद्रांतून निघून जातं आणि त्याच जागी लोक गवत कापतात!

*लुप्त नदी, अंध दरी, कोरडी दरी* – नदी छिद्रातून खाली गेली की तिची दरी समोरच्या कड्याशी अचानक संपते, ती अंध दरी. पुढे नदीचं जुनं पात्र कोरडंच राहतं, ती कोरडी दरी.

*गुहा* – जमिनीखालच्या पाण्याने कोरलेल्या वाटा. पाण्याची पातळी खाली गेली की त्यात हवा शिरते आणि माणूस आत जाऊ शकतो.

*लवणस्तंभ* – छतातून झिरपणारा थेंब लोंबत असताना त्यातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निघून जातो आणि थेंबाच्या कडेला चुन्याचं बारीक कडं उरतं. कड्यावर कडं साचत आधी पोकळ नळी होते, मग तिच्यावर थर चढतात. हा अधोमुखी लवणस्तंभ. थेंब जमिनीवर पडून तिथे जे साचतं तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. अधोमुखी म्हणजे तोंड खाली, ऊर्ध्वमुखी म्हणजे तोंड वर. दोन्ही भेटले की अखंड खांब.

*शंकू आणि मनोरे* – उष्ण, भरपूर पावसाच्या प्रदेशात मधला खडक विरघळून फक्त उभे सुळके उरतात. चीनमधल्या ग्वेलिनचे डोंगर असे आहेत. चीनच्या २० युआनच्या नोटेवर त्या भागातल्या ली नदीचंच चित्र आहे.

चार गैरसमज, जे मुलांच्या उत्तरांत हमखास सापडतात

पहिला, "लवणस्तंभ म्हणजे मिठाचा खांब." यात चूक मुलांची नाही, शब्दच तसा आहे. रसायनशास्त्रात लवण म्हणजे फक्त खायचं मीठ नव्हे. इथे लवण आहे कॅल्शियम कार्बोनेट, ते खारट लागत नाही. हे पहिल्याच तासाला सांगून टाका.

दुसरा, "पाणी वाळून लवणस्तंभ होतो." गुहेतली हवा बहुधा इतकी दमट असते की पाणी फारसं वाळतच नाही. मुख्य कारण वायू निघून जाणं. धुण्याच्या सोड्याच्या दाट द्रावणाचे दोन पेले ठेवून मध्ये लोकरीचा धागा सोडण्याचा प्रयोग आपण करतो. चार-पाच दिवसांत धाग्याला छान लवणस्तंभ लोंबतात, पण तिथे पाणी वाळून स्फटिक होतात. आकार तोच, कारण वेगळं. प्रयोग जरूर करा, पण हा फरक सांगूनच.

तिसरा, "अजिंठा-वेरूळ ही कार्स्टची उदाहरणं." ही लेणी माणसांनी बेसॉल्ट खडकात छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. आपला बराचसा महाराष्ट्र लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टचा आहे आणि तो चुनखडकासारखा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे कार्स्ट भूरूपं जवळपास दिसत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना भागात मात्र चुनखडक आहे, सिमेंटचे कारखाने तिकडे आहेत ते त्यामुळेच.

चौथा, "खड्डा दिसला की विलयछिद्र." लोणारचं विवर अशनी आदळून झालं. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे गोल फिरणाऱ्या दगडगोट्यांनी घासून झाले. शहरात पाण्याची लाइन फुटून रस्ता खचतो तो माती वाहून गेल्यामुळे. कार्स्टमध्ये खडक विरघळतो, हा मुद्दा पक्का करून घ्या.

विलयछिद्रासाठी सोपं मॉडेल सांगते. तळाला भोकं पाडलेल्या पारदर्शक बरणीत कडेला लागून गुळाचा मोठा खडा ठेवा. वरून ओल्या मातीचा थर द्या आणि झारीने हळूहळू पाणी घाला. आत गूळ विरघळून पोकळी होते, वर जमीन शाबूत दिसते आणि मग एकदम खड्डा पडतो. "बाई, वरून काहीच कळलं नाही!" असं एक जण ओरडला. नेमकं तेच शिकवायचं होतं.

भारतात कुठे पाहता येईल?

आपल्याला जवळची म्हणजे आंध्र प्रदेशातल्या नंद्याल जिल्ह्यातली बेलम गुहा, लांबी ३,२२९ मीटर. काळ्या चुनखडकातल्या या गुहेत फिरताना मुलांना सांगता येतं, की ज्या जातीच्या दगडावर आई पोळ्या लाटते, त्यातूनच आपण चाललोय. विशाखापट्टणमपासून अराकूच्या वाटेवर बोर्रा गुहा आहेत. छत्तीसगडमध्ये बस्तरच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कुटुमसर गुहा आहे. तिथल्या अंधाऱ्या पाण्यात राहणाऱ्या माशांचे डोळे अधू झालेत आणि अंगाचा रंग फिका पडलाय.

पण खरा खजिना मेघालयात. प्रचंड पाऊस आणि चुनखडक एकत्र आले की काय होतं ते तिथे दिसतं. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात. सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊसमान एकदम घटल्याची खूण त्या थरांत सापडली. त्या आधारावर २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव मिळालं. जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्या एका राज्याचं नाव घेतलं, ते एका गुहेतल्या दगडामुळे!

वर टाकलेलं खाली कुणाच्या तरी घागरीत येतं

वाळू-मातीतून झिरपताना पाणी थोडंफार गाळलं जातं. चुनखडकातल्या बोगद्यांतून ते नळातून यावं तसं सरळ जातं. जर्मनीत डॅन्यूब नदीचं बरंच पाणी एके ठिकाणी जमिनीत मुरतं. ते कुठे जातं हे पाहायला १८७७ मध्ये तिथे १० किलो हिरवा चमकदार रंग टाकला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्याचं पाणी हिरवं झालं.

मुलांना विचारा, रंगाऐवजी कुणी तिथे मेलेलं जनावर टाकलं असतं तर? कीटकनाशकाचे डबे? चुनखडकाच्या भागात खड्डा म्हणजे उकिरडा नाही, तो कुणाच्या तरी विहिरीचा दरवाजा आहे. आपल्या भागात बेसॉल्ट असला तरी भेगांतून पाणी जातंच. त्यामुळे पडक्या विहिरीत कचरा टाकण्यावर इथे चांगली चर्चा होते.

आता त्या दगडाची गोष्ट

तिसऱ्या दिवशी मी लवणस्तंभ वाढण्याचा वेग सांगत होते. जागेप्रमाणे तो बदलतो, पण ढोबळ मानाने वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे १०० वर्षांत १ सेंटिमीटर. एका मुलीने विचारलं, "बाई, मग आपला केवढा जुना?"

पट्टी लावली. बरोबर १२ सेंटिमीटर. वर्ग शांत झाला.

मग आम्ही टोकाकडून मागे मोजत गेलो. ८ मिलिमीटरच्या आत देश स्वतंत्र झाला. साडेतीन सेंटिमीटरवर शिवरायांचा राज्याभिषेक. सव्वासातच्या जरा पुढे ज्ञानेश्वरी. साडेआठच्या आसपास सोलापूरचे सिद्धरामेश्वर. आणि जिथे तो मोडला होता, तिथे वेरूळचं कैलास लेणं कोरून जेमतेम पन्नासेक वर्षं झाली होती. हिशोब ढोबळ आहे, हे मी सांगितलं. पण मोडलेल्या तोंडावर कांद्यासारखी कडी दिसत होती आणि मध्ये थेंबाचं बारीक भोक. शंका नको म्हणून कडेला लिंबाचा एक थेंब टाकला. फेस आला.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "शंभर रुपयांत बाराशे वर्षं." तो मुलगा रडकुंडीला आला. "बाई, मी नाही तोडला."

तेव्हा मला माझ्या टाळ्या आठवल्या. त्याने विकत आणलं आणि मी सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली. पुढच्या सुट्टीत आणखी चौघांनी आणलं असतं, आणि विकणाऱ्याने त्यासाठी आणखी चार तोडले असते. मी वर्गाला म्हटलं, "चूक त्याची नाही. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, मी न विचारता टाळ्या वाजवायला लावल्या." मुलांसमोर चूक कबूल करणं सोपं नसतं, पण त्यानंतर तो मुलगा डोळे पुसून नीट बसला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. "मॅडम, आम्हाला काय कल्पना! पोराला आवडला म्हणून घेतला." मी त्यांना पट्टी लावून तोच हिशोब दाखवला. ते बराच वेळ दगड हातात धरून उभे होते.

दगड टाकून द्यायचा नाही असं मुलांनीच ठरवलं, कारण तो परत छताला चिकटणार नाही. तो अजून खिडकीत आहे. बाजूला त्या मुलाच्या अक्षरातला कागद आहे: "वय अंदाजे १२०० वर्षे. आता वाढत नाही. असा विकत घेऊ नका. गुहेत हातसुद्धा लावू नका." हात न लावण्याचं कारण त्यानेच वर्गात सांगितलं. आपल्या हाताचं तेल लागलं की तिथे चुना नीट बसत नाही आणि डाग पडतो.

वर्गासाठी आणि घरासाठी कृती

१. घरात ओटा, फरशी, जिना यांचे दगड पाहून यादी करा. फुटक्या कपचीवरच लिंबू टाका, ओट्यावर नको!

२. बोअरचं पाणी तापवायच्या भांड्यात बसलेला पांढरा थर खरवडून त्यावर लिंबू पिळा. फेस आला का? लवणस्तंभाशी याचं नातं काय?

३. तुमच्या गावाचा इतिहास १ सेंटिमीटर = १०० वर्षे या मापाने कागदी लवणस्तंभावर दाखवा.

४. विचार करा : राजस्थानच्या वाळवंटातल्या चुनखडकापेक्षा मेघालयात गुहा जास्त का?

५. फरक सांगा : लोणार, निघोजचे रांजणखळगे, विलयछिद्र.

पालकांना एकच विनंती. सहलीत गुहा पाहायला गेलात तर मुलांना मिनिटभर मोबाइल बंद करून थेंबाचा आवाज ऐकू द्या. तो थेंब अजून काम करतोय. तिथून फोटो आणा, दगड आणू नका.